एकाच महिन्यातल्या नोंदी

बायकोनं त्या वर्षी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. दहनगृहातून आम्ही टॅक्सीनं सेंगकांगला घरी परत येत होतो. पाच वर्षांची मुलगी दोघांच्या मधे बसली होती. तिला गाडी लागते म्हणून काच अर्धी खाली केली होती. बायको बाहेर बघत म्हणाली, "अहो, यापुढं कोणी विचारलं मुलं किती, तर दोन सांगायचं." मी हो म्हणालो. एवढंच बोलणं झालं, आणि मग ड्रायव्हरनं एक्स्प्रेसवेनं जाऊ का म्हणून विचारलं.

आठवड्याच्या आत मी शब्द मोडला. आमच्याच ब्लॉकमधली एक चिनी आजी लिफ्टमध्ये भेटली. मुलीच्या गालाला हात लावत तिनं मला विचारलं, "वन ओन्ली, आह?" मी म्हणालो, "येस, वन." बायको शेजारीच भाजीची पिशवी धरून उभी होती. ती मजल्यांचे बदलणारे आकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिनं कोथिंबीर निवडलीच नाही, मातीसकट फ्रीजमध्ये ठेवून दिली. कोथिंबिरीच्या बाबतीत ती फार काटेकोर आहे, म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं.

मी तसं का म्हणालो याचं मला अजून धड उत्तर देता येत नाही. लाज नव्हती. दुःख अनावर वगैरेही झालं नव्हतं. तेव्हा मला काहीच होत नव्हतं, हीच तर अडचण होती. दोन म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, दुसरा कुठे आहे? मग उत्तर द्यायचं, मग समोरच्याचा चेहरा पडणार, मग आपणच त्याला 'इट्स ओके' म्हणून धीर द्यायचा. मला या सगळ्याचा कंटाळा होता. कंटाळा हा शब्द इथे वाईट दिसतो, पण खरा तोच आहे. त्यानंतर बँकेत, मुलीच्या किंडरगार्टनमध्ये, दाढ दुखत होती तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे, जिथे जिथे विषय निघाला तिथे मी एकच म्हणालो. काही वेळा बायको सोबत होती. ती कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, कारण भांडण मला कळतं.

सार्स येऊन गेल्याला वर्षभर झालं असेल. आमच्या ऑफिसच्या दारात ताप मोजायचं टेबल अजून होतं, त्यावरचा माणूस मात्र गेला होता. मी एका विद्यापीठात संशोधन सहायक होतो. काम असं: चीनमध्ये कुटुंब नियोजनाचे नियम सगळीकडे सारखे नव्हते. कुठे एकच मूल, कुठे पहिली मुलगी झाली तर दुसऱ्याची परवानगी, कुठे दोन, आणि कुठे अमुक वर्षांचं अंतर ठेवा मग बघू. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत नियम वेगळे असतील तर तिथल्या जन्मदरात नियमामुळे नेमका किती फरक पडतो, हे आम्ही मोजत होतो. मोजायला सोपं वाटतं. पण गरीब तालुका आणि श्रीमंत तालुका, पोरं शहरात कामाला गेलेला तालुका आणि न गेलेला, यांच्यातला फरक आधी बाजूला काढावा लागतो. नाहीतर पाऊस पडला म्हणून कोंबडा आरवला असं सिद्ध करता येतं.

गंमत अशी की ज्या शहरात बसून आम्ही हे करत होतो, तिथलं सरकार लोकांनी मुलं जन्माला घालावीत म्हणून मागे लागलं होतं. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनात गुबगुबीत बाळांची पोस्टर्स होती. ती बघत मी रोज कामाला जायचो आणि दिवसभर परवानगी नसलेल्या बाळांच्या नोंदी तपासायचो. आमचे प्रोफेसर इथलेच, चिनी, साठीला टेकलेले. ते म्हणायचे की आमच्या तरुणपणी हेच सरकार कमी मुलं होऊ द्या म्हणून मागे लागलं होतं. सांगताना ते हसायचे. मीही हसायचो. पगार त्यांच्या प्रोजेक्टमधून यायचा.

आमच्याकडे काही तालुक्यांच्या गावनोंदींच्या पानांचे फोटो होते. ते बघून आमच्या टायपिस्ट मुलींनी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं होतं. एका ओळीत आईचा नंबर, कितवं मूल, परवानगीचं की विनापरवानगी, जन्माचा महिना, आणि मूल गेलं असेल तर त्याचा महिना. तारीख नव्हती, फक्त महिना. काही ओळींत जन्माचा आणि मृत्यूचा महिना एकच होता. मी सुरुवातीला त्यातल्या पाच-सहा ओळी काढून मूळ पानाशी ताडून पाहिल्या. त्या सगळ्या टायपिस्टच्या चुका निघाल्या, जन्माचा महिना दोन्ही रकान्यांत पडला होता. मग मी नियम करून टाकला: दोन्ही महिने एकच असतील ती ओळ चुकीची समजावी आणि गाळावी. शितावरून भाताची परीक्षा. प्रोफेसरांनी मान डोलावली आणि मी तो नियम प्रोग्रॅममध्ये लिहिला. एका ओळीचा होता. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, कारण त्यानंतर आलेख एकदम गुळगुळीत दिसायला लागले.

नोंदींचं हे सगळं बाळ जन्मायच्या आधीचं.

बाळ सात आठवडे लवकर आलं. मुलगा. काचेच्या पेटीत होता, हाताएवढी टोपी घातलेला. पायाला पट्टी बांधली होती आणि तिच्यावर 'बेबी ऑफ' लिहून पुढे बायकोचं नाव होतं. नाव बाराव्या दिवशी बारशाला ठेवायचं, असं आमच्या दोघांच्याही घरी चालत आलेलं. अमरावतीहून माझी बहीण फोनवर म्हणाली, आत्या येऊ शकत नाही तर स्पीकरवरून तरी मीच नाव ठेवणार, दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देऊ नका. आम्ही ठीक आहे म्हणालो. बायको दिवसभर पेटीपाशी बसायची. मी ऑफिस सुटल्यावर जायचो, हात कोपरापर्यंत धुवायचो आणि गोल खिडकीतून एक बोट आत घालायचो. बारशाला तीन दिवस राहिले होते तेव्हा तो गेला. नर्सनं आम्हाला खूप वेळ दिला. मला तो वेळ कसा घालवायचा ते कळलं नाही, म्हणून मी भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यात सात पायऱ्या होत्या.

रविवारी बुकित पंजांगला एका घरी आमच्यातली काही कुटुंबं बुद्धवंदनेला जमायची. बहुतेक इंजिनियर, दोन-तीन जण तुआसच्या कारखान्यांत. बायकोनं मला सांगितलं होतं, काकांना विचारा, गेलेल्या बाळाचा जलदान विधी कधी ठेवायचा. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा मनुष्य. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, एवढ्याशा लेकराचं काही करत नाहीत रे आपल्याकडं. नावसुद्धा ठेवलं नव्हतं न्? पोरीकडं बघा आता." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला तर सुटल्यासारखं झालं, एक काम कमी. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, करत नाहीत म्हणे. ती म्हणाली, "बरं." आणि पोरीचा युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला.

मग दिवस गेले. मी ऑफिसला जात होतो, काम उरकत होतो, उलट आधीपेक्षा जास्तच उरकत होतो. प्रोफेसर खूश होते. घरी आम्ही डाळ संपली, बिल आलं, मोजे ओले आहेत, एवढं बोलायचो. मुलगी आमच्याशी इंग्रजीत बोलायची आणि आम्ही तिला मराठीत उत्तर द्यायचो, त्यामुळे घरात आवाज पुरेसा असायचा. बाहेरच्या कोणालाही आमचं घर चांगलं चाललेलं दिसलं असतं.

पाच महिन्यांनी ऑफिसच्या पँट्रीत लाल अंडी आली. शेजारच्या विभागातल्या एकाच्या बाळाला महिना झाला होता. इथे चिनी घरांत बाळाचा महिना भरला की रंगवलेली लाल अंडी आणि केक वाटतात. डबा उघडून सगळे घेत होते. माझ्यासमोर डबा आला आणि क्षणभर शांतता झाली, कारण सगळ्यांना माहीत होतं. मी एक अंडं घेतलं आणि 'काँग्रॅट्स' म्हणालो. माझ्या बोटांना लाल रंग लागला.

माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी चीनच्या एका खेड्यातून आलेली होती. पीएचडी करत होती, हुशार, बोलायला तुसडी. ती माझ्या शेजारी उभी राहून अंडं सोलत होती. कदाचित शांतता भरून काढायला असेल, ती म्हणाली, "माय व्हिलेज, बिफोर वन मंथ, नोबडी राइट द बेबी." महिना भरल्याशिवाय बाळाचं नाव गावच्या वहीत चढवत नसत, असं तिचं म्हणणं. ती वही तिची आईच लिहायची. गावातल्या बायकांच्या गरोदरपणाची, परवानगीची, बाळंतपणाची सगळी नोंद आईकडे. लोक आईला घाबरायचे. शिव्याही द्यायचे.

मी सहज विचारलं, महिना भरायच्या आत मूल गेलं तर?

"देन नॉट राइट," ती म्हणाली. मग टरफल टाकत म्हणाली, "माय मदर राइट."

आई लिहायची, कारण न लिहिलं तर त्या बाईची परवानगी वापरली गेली असंच वरच्या ऑफिसात धरलं जायचं. गरोदरपण नोंदलेलं, परवानगीचा कागद दिलेला, आणि मूल तर नाही. म्हणून तिची आई जन्म आणि मृत्यू दोन्ही एकाच वेळी, एकाच ओळीत लिहायची आणि ओळीच्या कडेला पेन्सिलीनं एक छोटा गोल काढायची. गोल म्हणजे या बाईला पुन्हा परवानगी द्यावी. आसपासच्या गावांतल्या नोंदवाल्या बायकाही तसंच करायच्या, तिच्या आईचं बघून की आईनं त्यांचं बघून, ते तिला माहीत नव्हतं. हे सांगून तिनं अंडं दोन घासांत संपवलं आणि हात धुवायला गेली.

मी जागेवर येऊन मूळ पानांचे फोटो उघडले. माझ्या नियमानं गाळलेल्या ओळींची यादी प्रोग्रॅम आपोआप ठेवत होता, पण ती मी कधी उघडून पाहिली नव्हती. त्यातली पहिली ओळ घेतली आणि पान शोधलं. दोन्ही महिने तेच, वहीतही तेच. टायपिस्टची चूक नव्हती. कडेला फिकट गोल होता. दुसरी ओळ, गोल. तिसरी खरंच चूक होती. चौथी, पाचवी, गोल. मी जेवायला गेलो नाही. संध्याकाळपर्यंत बसून पानांमागून पानं बघितली. सुरुवातीला ताडून पाहिलेल्या माझ्या त्या पाच-सहा ओळी सगळ्या एकाच टायपिस्टच्या, एकाच गठ्ठ्यातल्या होत्या. मी एका हाताच्या चुकीवरून सगळ्या गावांचा न्याय केला होता.

टायपिस्टनं गोल उतरवले नव्हते, कारण गोलासाठी रकाना नव्हता. रकाने मीच आखले होते.

आमचा मुलगा महिन्याच्या चार तारखेला आला आणि बारा तारखेला गेला. माझ्या प्रोग्रॅमनं त्याला गाळलं असतं. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि तरीही काही झालं नाही. रडू आलं नाही, छातीत दुखलं नाही. मी फक्त ती ओळ प्रोग्रॅममधून पुसली, प्रत्येक नोंद पानाशी ताडायचं काम हाती घेतलं आणि कॉम्प्युटर बंद करून घरी गेलो. ताडायला पुढचे तीन आठवडे लागले. ती चिनी मुलगी रोज दुपारी एक तास माझ्यासोबत बसली. तिला मी कारण सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

गाळलेल्या खऱ्या ओळी परत घातल्या आणि सगळं गणित पुन्हा चालवलं. चीनच्या नियमाचा परिणाम म्हणून जो आकडा आम्ही काढला होता, तो हलला असं म्हणायची लाज वाटावी इतकाच हलला. निष्कर्ष तोच राहिला. प्रोफेसरांनी चष्मा वर सरकवून दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. "सेम रिझल्ट. गुड. सो फूटनोट कॅन, लाह."

मी म्हणालो, "नॉट फूटनोट. मेन टेबल."

माझा आवाज चढला होता. तिथे कोणी आवाज चढवत नाही. मी म्हणालो की ही मुलं जन्मली होती, जन्मदर मोजतोय तर जन्मलेली मोजायची, त्यात तळटीप कसली? प्रोफेसरांनी तक्ते गोळा केले. मग हळूच म्हणाले, "ओके, ओके. पुट. नो हार्म." त्यांनी मला दोन दिवस सुट्टी घे म्हणूनही सांगितलं. म्हणजे त्यांना कळलं होतं. मला त्यांचा राग आला, मग लगेच गेलाही. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं आणि गेलं होतं.

घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? कुठल्या तरी तालुक्यातली न पाहिलेली मुलं मी तक्त्यात घातली, आणि इथे लिफ्टमधल्या आजीला अजून एकच सांगत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी मुलगी दारातून ओरडली, "मा, गॉट आंटी आउटसाइड!" बाहेर एक तरुण मलय बाई उभी होती, डोक्याला गुलाबी स्कार्फ, गळ्यात ओळखपत्र, हातात फायलीत फॉर्म. घरोघरच्या सरकारी पाहणीसाठी आली होती. बायको स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी जाळीचं दार उघडून उंबऱ्यातच उभा राहिलो. तिनं पत्ता विचारला, राहण्याचा पास कुठला, काम काय, भाड्याचं घर का. मी उत्तरं देत होतो. ती भरभर खुणा करत होती, हात चांगला बसलेला होता. मग तिनं विचारलं, या घरात किती माणसं राहतात?

"थ्री," मी म्हणालो. खरं उत्तर तेच होतं. प्रश्न घरात राहणाऱ्यांचा होता आणि विचारलं तेवढंच सांगावं, हे आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात. तिनं तिघांची नावं, वयं लिहिली. पेनाचं टोपण लावलं, थँक यू सर म्हणाली आणि वळली.

"वन मोअर थिंग," मी म्हणालो. "वी हॅव टू चिल्ड्रन."

ती परत वळली. "ओह. द अदर वन स्टेइंग इन इंडिया, आह?"

"नो. ही डाइड. नाइन डेज."

म्हणताना आवाज अगदी साधा होता. तिनं फाईल छातीशी धरली. "सॉरी, आह, सर." मग फॉर्मकडे बघून ती प्रामाणिकपणे म्हणाली, "बट धिस फॉर्म, ओन्ली पीपल स्टेइंग हिअर. कॅनॉट पुट."

"आय नो," मी म्हणालो. माझ्याइतकं ते त्या अख्ख्या ब्लॉकमध्ये कोणाला माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरातला परातीचा आवाज थांबला होता. ती बाई जाऊ शकली असती, पण तिला तसं जाववेना. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "व्हॉट्स हिज नेम?"

नाव ठेवलं नव्हतं, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या मागून बायकोनं नाव सांगितलं. ती पिठाचे हात अंगापासून लांब धरून उभी होती. तीन अक्षरी नाव, स्पष्ट, मुलीला हाक मारताना मारते तशा आवाजात. त्या बाईनं खिशातून पेन्सिल काढली आणि मुलीच्या ओळीशेजारी कडेला ते लिहिलं. कडेला लिहिलेलं कोणी टाइप करत नाही. तिलाही ते माहीत असणार. तिनं मान लववली आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली.

मी जाळी लावून आत आलो. बायको परत कणकेपाशी गेली होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

"कधी ठेवलंस?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. अमरावतीच्या ताईंना सांगून त्यांच्याच तोंडून बारशाला तुम्हाला ऐकवायचं होतं."

"मग नंतर का नाही सांगितलंस मला?"

तिनं कणकेवर तेलाचा हात फिरवला आणि वर ताट झाकलं.

"तुम्ही तर सगळ्यांना एकच सांगत होता," ती म्हणाली. "मग कोणाचं नाव सांगू?"